गोऱ्या डब्यातली आया

अमेरिकेतल्या लुईझियाना राज्याने १८९० साली आगगाडीसाठी एक कायदा केला. गोऱ्यांचे डबे वेगळे, काळ्यांचे वेगळे. दोन्हींची सोय मात्र ‘समान’ हवी. नेमून दिलेल्या डब्यात न बसणाऱ्या प्रवाशाला २५ डॉलर दंड किंवा २० दिवसांपर्यंत कैद. प्रवाशाला ‘चुकीच्या’ डब्यात बसवणाऱ्या रेल्वे कर्मचाऱ्यालाही तेवढीच शिक्षा. याच कायद्याच्या तिसऱ्या कलमात एक अपवाद आहे: दुसऱ्या वंशाचे मूल सांभाळणाऱ्या आयांना हे काही लागू नाही.

सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना वर्णभेदाच्या कायद्यांचा इतिहास शिकवायचा तर सुरुवात या अपवादापासून करावी, असे मला वाटते. कलम फळ्यावर लिहावे आणि एवढेच विचारावे: गोरे मूल मांडीवर असताना ही बाई गोऱ्यांच्या डब्यात चालते, तेच मूल घरी ठेवून आली तर चालत नाही, मग हा कायदा नेमके काय वेगळे करत होता? शेजारी बसण्याने विटाळ होत असता, तर तो मुलामुळे नाहीसा झाला नसता. माणसे दूर ठेवणे हा त्या कायद्याचा हेतू नव्हता. कोण कुणाच्या सेवेला आहे, ते रोज सगळ्यांच्या डोळ्यांसमोर मांडून ठेवणे हा होता. वर्गातल्या मुलांना हे सांगावे लागत नाही. कलम दोनदा वाचले की ती आपणच तिथे पोहोचतात, आणि आपण पोहोचलेली जागा माणूस विसरत नाही.

शाळांमधून हा इतिहास बहुधा वेगळ्या वाटेने येतो. दक्षिणेतले काही लोक दुष्ट होते, त्यांच्या मनात द्वेष होता. मग एक दमलेली शिवणकाम करणारी बाई बसमधून उठली नाही, एका धर्मोपदेशकाने मोठे भाषण केले, आणि देश सुधारला. यातली माणसे खरी आहेत, त्यांचे धैर्यही खरे आहे. पण द्वेषाची गोष्ट म्हणून हा इतिहास शिकलेला मुलगा मनाशी म्हणतो, ‘माझ्या मनात कुणाबद्दल द्वेष नाही, म्हणजे हे माझ्याबद्दल नाही.’ पुस्तक मिटते. कायदा म्हणून शिकवले तर तो कंडक्टर समोर येतो. त्याच्या मनात द्वेष असेल किंवा नसेल. काळ्या प्रवाशाला उठवले नाही तर दंड त्यालाच होता. तिकीट देणारा, नोंदवहीत नाव लिहिणारा कारकून, दोन पाट्या रंगवणारा रंगारी, शाळांचे पैसे वाटणारे मंडळ, हे सगळे आपापले काम चोख करत होते. जवळजवळ पाऊण शतक चाललेली ती व्यवस्था रागावर चालली नाही, ती नेमणुकीवर आणि पगारावर चालली. हे मुलांच्या हाती लागले नाही, तर तारखा पाठ होऊनही शिकवणे वाया गेले असे मी म्हणेन.

त्या रेल्वे कायद्याला न्यू ऑर्लिन्समधल्या नागरिकांच्या एका समितीने ठरवून आव्हान दिले. ७ जून १८९२ रोजी होमर प्लेसी गोऱ्यांच्या डब्यात बसला आणि त्याने स्वतःला अटक करवून घेतली. त्याच्या आठ पणजोबा-पणजींपैकी सात गोरे होते. दिसायलाही तो गोराच. काळा कोण हे डोळ्यांना कळत नाही, तरी कंडक्टरने ते ठरवायचे, ही विसंगती समितीला न्यायालयात उघडी करायची होती. रेल्वे कंपनीलाही हा कायदा नकोसा होता, कारण जादा डब्यांचा खर्च तिच्या डोक्यावर होता. १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध एक मताने प्लेसीला हरवले. त्या एकट्या न्यायमूर्तीचे, जॉन मार्शल हार्लन यांचे, मतभेदाचे निकालपत्र मुलांनी जरूर वाचावे, पण सगळे वाचावे. त्यात कायद्यापुढे सगळे समान असल्याचे ठणकावणारा भाग आहे, तसाच चिनी लोकांना परके आणि नागरिकत्वाला अपात्र मानणारा परिच्छेदही आहे. शिक्षक तो गाळतात. तो गाळू नये. न्यायाची बाजू घेणाऱ्याच्या नजरेलाही कुठे कुंपण पडते, हे मुलांना त्याच कागदावर दिसते.

डब्यांच्या पाट्या समजायला सोप्या असतात. खरे वाचन लागते ते ज्या कायद्यांत ‘काळा’ हा शब्दच नाही त्यांना. मिसिसिपीने १८९० साली नवी राज्यघटना केली. मतदाराला त्या घटनेचे कोणतेही कलम वाचता आले पाहिजे, किंवा वाचून दाखवल्यावर समजले पाहिजे, किंवा त्याचा ‘वाजवी’ अर्थ सांगता आला पाहिजे, अशी त्यात एक अट. कलम कोणते द्यायचे आणि कोणते उत्तर वाजवी मानायचे, ते नोंदणी अधिकारी ठरवणार. वंशाचा उल्लेख नाही, म्हणून १८९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही व्यवस्था चालू दिली. त्याच वर्षी लुईझियानाने शिक्षणाची आणि मालमत्तेची अट घातली आणि एक पळवाट ठेवली: १ जानेवारी १८६७ रोजी ज्याला, किंवा ज्याच्या बापाला वा आजाला मताधिकार होता, त्याला ही अट नाही. त्या दिवशी लुईझियानात एकाही काळ्या माणसाला मत नव्हते. १८९६ साली त्या राज्यात १,३०,३३४ कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते. १९०० साली उरले ५,३२०. नियमाच्या मजकुरात कुणाचे नाव नाही, पण तारीख कुणासाठी निवडली आहे, हे ओळखणे म्हणजे वाचता येणे. माध्यमिक शाळेने दुसरे काही नाही दिले तरी एवढे द्यावे.

या आकड्यांपाशी मला नेहमी जोतीराव फुले आठवतात. १८७३ साली त्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या भल्या लोकांना अर्पण केली, गुलामांना मुक्त केल्याबद्दल. तेव्हा तिथे खरोखरच आशेचा काळ होता. काळ्यांना हक्क देणाऱ्या तीन घटनादुरुस्त्या होऊन गेल्या होत्या, आणि मिसिसिपीतून १८७० मध्ये हायरम रेव्हेल्स हा कृष्णवर्णीय सदस्य सिनेटमध्ये जाऊन आला होता. जोतीरावांचे पुस्तक छापले गेल्यानंतर चारच वर्षांनी, १८७७ मध्ये, दक्षिणेतल्या राज्य सरकारांना आधार देणारे केंद्राचे सैन्य बाजूला झाले आणि मिळालेले सगळे एकेक कलम करून काढून घेतले गेले. अर्पणपत्रिका चुकीची ठरली असे मी म्हणत नाही. पण पुस्तकात १८६५च्या मुक्तीनंतर थेट १९५५ची ती बस येते, आणि मुलांना वाटते की मधल्या काळात मुक्तीला फक्त उशीर झाला. उशीर झाला नव्हता. मुक्ती येऊन परत नेली गेली होती.

आपल्याकडच्या वाचकाला इथे अस्पृश्यता आठवणार, आणि ती आठवावी; पण दोन्ही एकाच पारड्यात टाकण्याची घाई नको. महाडला कायदेमंडळाचा आणि नगरपालिकेचा ठराव तळे खुले करणारा होता, तरी १९२७ साली पाण्याला हात लावायला सत्याग्रह करावा लागला. तिथे रूढी ठरावाला जुमानत नव्हती. अमेरिकेच्या दक्षिणेत उलट, एकट्या रूढीवर भागत नव्हते, म्हणून कायदा आणावा लागला. अगोदर काळे-गोरे एका डब्यात बसत होतेच. मनाईची गरज तिथेच पडते.

अभ्यासक्रम हाही या इतिहासाचाच एक भाग आहे, आणि वर्गात तो सांगितला जात नाही. १९२०च्या सुमारास दक्षिणेच्या सैनिकांच्या वारसदार स्त्रियांच्या संघटनेतल्या मिल्ड्रेड रदरफर्ड या बाईंनी पाठ्यपुस्तके पारखण्याचा एक गज प्रसिद्ध केला. गुलामांचा मालक क्रूर होता असे म्हणणारे पुस्तक नाकारा, आणि ग्रंथालयात असेल तर त्याच्यावर ‘दक्षिणेवर अन्याय करणारे’ असा शेरा लिहा, असा सल्ला त्यात होता. व्हर्जिनिया राज्याने १९५०च्या दशकात स्वतः इतिहासाची पुस्तके लिहवून घेतली. त्यांत गुलाम सुखी होते, आणि ती पुस्तके १९७०च्या दशकापर्यंत चालली. नॉर्थ कॅरोलायनात तर असा कायदा होता की गोऱ्या आणि काळ्या शाळांची पुस्तके एकमेकांत फिरवायची नाहीत. ज्या वंशाच्या मुलांनी प्रथम वापरली, त्यांच्याकडेच ती राहतील. पुस्तकालाही वंश होता.

याच्या विरुद्ध बाजूला कार्टर वुडसन होते. गुलाम राहिलेल्या आईबापांचा हा मुलगा हार्वर्डचा डॉक्टरेट होता. १९२६च्या फेब्रुवारीत त्यांनी कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा आठवडा सुरू केला आणि तो काळ्यांच्या शाळांतून पसरला. माँटगोमरीमधल्या अशाच एका हायस्कुलात १९५५चा फेब्रुवारी महिना हा इतिहास शिकण्यात गेला. २ मार्चला त्या शाळेतली पंधरा वर्षांची क्लॉडेट कॉल्विन बसमध्ये जागेवरून उठली नाही, आणि तिला अटक झाली. शिवणकाम करणाऱ्या त्या बाईच्या, रोझा पार्क्सच्या, नऊ महिने आधी. गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या हॅरिएट टबमन आणि सोजर्नर ट्रूथ यांनी आपल्याला खांदे धरून खाली बसवल्यासारखे वाटले, असे तिने पुढे अनेकदा सांगितले. बसमधला वर्णभेद रद्द करणाऱ्या खटल्यातल्या चार वादींपैकी ती एक होती. ‘हे विषय या वयाला झेपतील का?’ असे विचारणाऱ्यांना माझे उत्तर क्लॉडेट हे आहे.

हा प्रश्न आज पुन्हा जोरात आहे. ओक्लाहोमाने २०२१ मध्ये कायदा केला की आपल्या वंशामुळे कुणाला अस्वस्थता किंवा अपराधभाव वाटला पाहिजे असे शिकवू नये. इतर राज्यांतही असे कायदे आले. पालकांची भीती सगळी खोटी नाही. वर्गातल्या मुलांना रंगावरून दोन बाजूंना बसवणे, नाटक म्हणून एकाला अपमान करायला लावणे, असले प्रयोग मलाही गैर वाटतात. त्यांत मुले अपमान शिकतात, इतिहास शिकत नाहीत. कागद वाचणे पुरेसे आहे. पण ओक्लाहोमाचा मजकूर मिसिसिपीच्या मजकुरासारखाच, मुलांना शिकवले त्याच पद्धतीने वाचून पाहावा. ‘असे वाटले पाहिजे’ हे शिकवले की नाही, ते कोण ठरवणार? तक्रार आली तर नोकरी कुणाची जाणार? उद्या कोणते पान वगळायचे हे शिक्षक मग रात्री घरी बसून स्वतःच ठरवतो. सतरा वर्षांच्या मुलाला आपल्या पणजोबांच्या पिढीबद्दल वाईट वाटले तर त्याचे काही बिघडत नाही. दुखापत आणि वाईट वाटणे यांतला फरक त्या वयाला कळतो.

न्यू जर्सीतल्या मराठी घरांतली मुले हा धडा शाळेत शिकतात, आणि आईबापांना तो दुसऱ्या कुणाचा इतिहास वाटतो. मला ते खटकते. १९२३ साली सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांना ‘गोरे’ नसल्याने नागरिकत्व नाकारले होते. १९४६ नंतरही भारतीयांचा वर्षाचा कोटा शंभर माणसांचा होता. तो राष्ट्रवार कोटा १९६५च्या कायद्याने गेला, नागरी हक्क कायद्याच्या पुढच्याच वर्षी, त्याच चळवळीने बदललेल्या संसदेत. पुण्या-मुंबईचे डॉक्टर आणि इंजिनिअर त्या दारातून आत गेले. ते दार ज्यांनी उघडले त्यांत शाळकरी मुले होती.

व्हर्जिनियातल्या फार्मव्हिलचे मोटन हायस्कूल १८० मुलांसाठी बांधले होते. १९५१ मध्ये तिथे साडेचारशेच्या आसपास मुले होती, आणि जास्तीचे वर्ग डांबरी कागदाने मढवलेल्या शेडमध्ये भरत. २३ एप्रिलला सोळा वर्षांच्या बार्बरा जॉन्सने मुख्याध्यापकांना युक्तीने शाळेबाहेर धाडले, सगळ्यांना सभागृहात जमवले आणि संप पुकारला. मुलांची मागणी नव्या इमारतीची होती. मदतीला बोलावलेले वकील म्हणाले, वेगळ्या शाळेविरुद्धच लढणार असाल तर खटला घेतो. १९५४ साली ‘समान पण वेगळे’ हे तत्त्व शाळांतून मोडीत काढणाऱ्या निकालात एकत्र केलेल्या पाच खटल्यांपैकी तो एक. प्रिन्स एडवर्ड काउंटीने तो निकाल मानला नाही. एकत्र शिकवावे लागू नये म्हणून तिने १९५९ मध्ये सगळ्या सरकारी शाळांना कुलूप लावले. गोऱ्या मुलांसाठी खाजगी शाळा उघडली. काळ्या मुलांपैकी काही नातलगांकडे परगावी गेली, काही चर्चच्या तळघरात जमेल तेवढे शिकली, काही शेतावर लागली. शाळा उघडल्या १९६४ मध्ये. त्या वर्षांत शिक्षण हुकलेल्यांसाठी व्हर्जिनियाने २००४ साली शिष्यवृत्ती सुरू केली. १९५९ मध्ये पहिलीत जायच्या वयाची असलेली मुले तेव्हा पन्नाशी ओलांडून गेली होती.