न पाहिलेल्या नगराचे चित्र

कधी न पाहिलेल्या नगराचे चित्र चित्रकाराने पैसे घेऊन काढावे काय? वरवर पाहता प्रश्न धंद्याचा आहे. पण खोट्या साक्षीविरुद्धची आज्ञा मानणाऱ्यास तो एवढ्यावर सोडता येत नाही.

इ.स. १७३२ च्या सुमारास ईस्ट इंडिया कंपनीने लंडनमधील आपल्या कचेरीसाठी जॉर्ज लँबर्ट व सॅम्युएल स्कॉट यांजकडून सहा ठाण्यांची तैलचित्रे करवून घेतली. त्यांत मुंबई होती, मद्रासचा सेंट जॉर्ज किल्लाही होता. दोघांपैकी एकानेही हिंदुस्थान पाहिला नव्हता. तटबंदी आणि गलबते त्यांनी मोठ्या ऐटीत रंगविली. कंपनीला तेच पाहावयाचे होते. दोष कुंचल्याचा की मागणाऱ्याच्या नजरेचा? मला वाटते, नजरेचाच अधिक.

आज हाती छायाचित्र असते, म्हणून काम निर्धोक वाटते. त्याच मद्रासच्या, म्हणजे आजच्या चेन्नईच्या, दक्षिण भागातील वेलचेरी घ्या. तेथून दूर गेलेले एखादे कुटुंब पुण्याच्या चित्रकाराकडे छायाचित्र धाडून आपल्या जुन्या वस्तीचे चित्र मागते, असे समजू. उंच इमारती, रस्ता, निरभ्र आकाश. खोटे त्यांत काहीच नाही. पण ही वस्ती तळ्याकाठची, पळ्ळिकरणैच्या विस्तीर्ण पाणथळीलगतची. डिसेंबर २०१५ मध्ये येथे घराघरांत पुराचे पाणी शिरले होते. कॅमेऱ्याने हे कसे सांगावे? भिंतीवर ओलीची रेघ असलीच, तर चित्रकार तिला सावली समजून पुसट करील.

शास्त्राच्या भाषांतरकारास ही अडचण रोजची. 'गालील समुद्र' म्हणताच आपल्या वाचकापुढे कोकणचा दर्या उभा राहतो. वस्तुतः ते सुमारे २१ किलोमीटर लांबीचे गोड्या पाण्याचे सरोवर आहे. लूक त्यास सरोवरच म्हणतो. हा लूक प्रभूच्या जीवनाचा प्रत्यक्षदर्शी नव्हता आणि तसा आवही त्याने आणला नाही. ज्यांनी पाहिले त्यांच्या साक्षीवरून, नीट शोध करून आपण लिहीत आहोत, हे तो आरंभीच सांगतो. परंपरेने त्यासच चित्रकारांचा आश्रयदाता संत मानले, हे मला फार समर्पक वाटते.

तेव्हा चित्रकाराने काम नाकारण्याचे कारण नाही; मात्र कुंचला उचलण्याआधी त्या कुटुंबाला पत्र लिहून चार गोष्टी विचाराव्यात. त्यांना पुराची आठवण नको असेल, निळे आकाशच हवे असेल, तर तसेच रंगवावे. दिवाणखान्यातील चित्र म्हणजे पंचनामा नव्हे. पण ओलीची रेघ पुसावयाची ती विचारून पुसावी, आणि चित्राच्या पाठीमागे 'छायाचित्रावरून' एवढा एक शब्द लिहून ठेवावा.