माप आणि मर्यादा

मर्यादा घालून मग शक्ती मोजावी, हे न्याय्य आहे काय? कुमार सायकलपटूंच्या बाबतीत हा प्रश्न अगदी मूर्त रूपाने समोर येतो. पॅडलाच्या एका पूर्ण फेऱ्यात सायकल ७.९३ मीटरहून अधिक पुढे जाऊ नये, असे आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेचे १७-१८ वर्षांच्या स्पर्धकांवर रस्त्यावरील शर्यतींत दीर्घकाळ बंधन होते. पुढच्या चक्राला ५२ आणि मागच्या चक्राला १४ दाते असले, की साधारण तेवढे अंतर भरते. १ जानेवारी २०२३ पासून संघटनेने हे बंधन उठविले. तथापि त्याहून लहान मुलांसाठी अशी मर्यादा असावी की नसावी, हा विचार संपलेला नाही.

मर्यादेच्या बाजूने सांगतात, की वाढत्या वयाच्या गुडघ्यांवर भार पडू नये आणि मुलाने आधी पाय चपळ करावेत. विरोधक म्हणतात, की ज्याच्या अंगी बळ आहे त्याला का अडवावे? आमच्या मते खरा नैतिक प्रश्न याच्या पुढचा आहे. अशा मुलाचा वेग आपण मोजतो, तेव्हा नेमके काय मोजतो?

एक हिशेब पाहू. दोन मुले ताशी ५४ किलोमीटर वेगाने गेली, म्हणजे मिनिटाला ९०० मीटर. पहिल्याची सायकल एका फेऱ्यात ६ मीटर जाते; त्याला मिनिटाला १५० फेरे मारावे लागले. दुसऱ्याची ९ मीटर जाते. त्याला १०० पुरले. आकडा एकच, परंतु पहिल्याने पायांची चपळाई पणाला लावली, दुसऱ्याने जोर. नुसता वेग लिहून ठेवणारा दोघांविषयीही अर्धेच सांगतो.

मोजण्याची रीतही प्रामाणिक हवी. धावपट्टीवरील स्प्रिंटमध्ये पात्रतेसाठी आधी वेग घेऊ देतात आणि केवळ शेवटच्या २०० मीटरचा वेळ धरतात. गावात तसे करावयाचे तर अंतर फितीने मोजावे आणि एकदा वाऱ्यासमोर, एकदा वाऱ्याबरोबर, अशी दोन्ही दिशांची नोंद घ्यावी. सायकलवरील यंत्रात चाकाचा घेर चुकीचा भरला, तर ते निमूटपणे खोटे सांगते. जमीन मोजणीत ३३ फुटांच्या साखळीचा चौरस म्हणजे १ गुंठा. ती साखळी वापराने ताणली, तर एकाचे शेत कागदावर घटते. शासकीय सेवेत आम्ही एवढे शिकलो, की माप चुकले तर त्याची भरपाई मोजला जाणारा करतो, मोजणारा नव्हे.

चलथाणची भूमी सपाट आहे, म्हणून वेगाचा मोह होणारच. परंतु महामार्गावरील अवजड वाहने आणि हंगामात साखर कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या गाड्या ध्यानी घेता, एका आकड्यासाठी मुलाला त्या रस्त्यावर लोटणे हा अविचार होय. पहाटेचा, रहदारी नसलेला आतला रस्ता आणि दोन्ही टोकांना वडीलधारी माणसे, एवढे जमत नसेल तर मोजूच नये.

तापीच्या काठाकाठाने खानदेशातून इकडे आलेल्या आपल्या घरांना ही गोष्ट परकी वाटू नये. पहिल्या पिढीला जे दाते मिळाले, त्यांवर तिने पाय मारले. नातवंडांना मोठी चक्रे मिळाली. दोघांचे अंतर एकाच फुटपट्टीने मोजून कोणाला थोर, कोणाला मागास म्हणणे हा अन्यायच. मुंबई–पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांआधी चढणाऱ्यास ‘घाटाचा राजा’ म्हणतात. हा मान माणसाला असतो, यंत्राला नव्हे.

म्हणून आमचे मत असे, की मर्यादा अन्याय्य नाही. ती लपविणे अन्याय्य आहे. मुलाच्या वहीत वेगाशेजारी गिअर, वारा आणि वयही लिहावे. आणि तुलना करावयाचीच असेल, तर शेजारच्या मुलाशी न करता त्याच्या स्वतःच्या मागील महिन्याच्या नोंदीशी करावी.