रंगाखालची ओल

दसऱ्याच्या तोंडावर रंगाऱ्यांचे फोन लागत नाहीत. लागलाच तर आपला पहिला प्रश्न दराचा, चौरस फुटाला काय घेणार? दुसरा, दिवाळीआधी होईल ना? भिंतीची अवस्था काय आहे, हे रंगाऱ्यानेच विचारायचे. आणि त्याने विचारले की आपल्याला वाटते, झाली बिल वाढवायला सुरुवात.

हात फिरवला तर कुठे अडत नाही अशी भिंत हवी असेल, तर त्यात रंग मारणे हे सर्वांत शेवटचे आणि त्यातल्या त्यात सोपे काम. आधी जुने पोपडे खरवडायचे. बारीक भेग वरवर बुजवली तर पुन्हा उघडते, म्हणून ती उकरून मोठी करायची आणि मग भरायची. त्यानंतर प्रायमर, मग लांबी, म्हणजे पुट्टी. तीही पातळ, पहिला हात वाळल्यावर दुसरा; एकदम जाड थापली तर वाळताना तडकते. मग घासकाम. खोलीतले दिवे बंद करून एकच बल्ब भिंतीलगत धरला की तिरक्या उजेडात प्रत्येक खड्ड्याची, पट्टीच्या प्रत्येक रेघेची सावली पडते. तिथे पेन्सिलीने खूण, पुन्हा लांबी, पुन्हा पॉलिश पेपर. धूळ पुसून परत प्रायमर. मग कुठे रंगाचा डबा उघडायचा. रंग जितका चकचकीत, तितके हे सगळे नेमके व्हावे लागते. मॅट रंग चुका पोटात घालतो, चकाकणारा त्या चव्हाट्यावर आणतो.

आणि यातले जवळजवळ काहीच शेवटी दिसत नाही. लांबीचे हात दोन झाले की एक, मध्ये वाळू दिले की नाही, हे रंग चढल्यावर भल्याभल्यांना सांगता येत नाही. त्यामुळे रंगाऱ्यांवरचा अविश्वास जुना आहे. रंगाच्या कंपन्या डब्यात टोकन टाकतात, त्यावर रंगाऱ्याला थोडे पैसे मिळतात; हे कळल्यापासून त्याने सुचवलेला प्रत्येक डबा घरमालकाला संशयास्पद वाटू लागतो. संशय अगदीच निराधार नाही. पण या धंद्यातली मोठी लबाडी मला दुसरीकडे दिसते. ती रंगाऱ्याच्या हाताने होते, पण डोके त्याचे नसते.

मुंबई-पुण्यातली एखादी जुनी इमारत घ्या. बाथरूमला लागून बेडरूम. पाइप झिरपतोय, किंवा बाहेरच्या गिलाव्याला तडा गेलाय. भिंतीला लोणा लागतो. विटा-सिमेंटमधले क्षार पाण्यात विरघळून वर येतात, पाणी उडून जाते, पांढरी भुकटी उरते. खरी दुरुस्ती म्हणजे टाइल्स फोडणे, वरच्या मजल्याशी भांडण, सोसायटीच्या सभेत विषय. मालकाला तर फ्लॅट विकायचाय. जानेवारीत भिंत कोरडी दिसते. तो रंगाऱ्याला म्हणतो, "एवढा पॅच मारून द्या." मारला जातो, बेमालूम. फेब्रुवारीत गिऱ्हाईक येते, उजेड-वारा पाहून खूश होते. जुलैत बेडरूमच्या भिंतीवर फुगे येतात. चुन्याच्या भिंतीतून ओल निदान उडून तरी जायची. प्लॅस्टिक पेंटचा पापुद्रा तिला आत कोंडतो आणि एक दिवस लांबीसकट सुटतो.

कायद्याला हे नवे नाही. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५५ सांगते की, वेगळा करार नसेल तर, विकणाऱ्याला ठाऊक असलेला आणि घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही न सापडणारा मोठा दोष विकणाऱ्याने उघड केला पाहिजे. भाड्याने देणाऱ्यावर कलम १०८ असेच बंधन घालते. आता गंमत पाहा. दोष साधारण काळजीने सापडू नये, याचीच तर मजुरी रंगाऱ्याला दिलेली असते!

मग रंगारी किती दोषी? बहुतेकदा त्याने आधी सांगितलेले असते, "साहेब, लीकेज काढा, नाहीतर टिकणार नाही." उत्तर येते, "तुम्ही रंगाचं बघा." तो नाही म्हणाला तर नाक्यावरचा दुसरा करतो. बंद खोलीत तोंडाला रुमाल बांधून दिवसभर धूळ खाणारा हा माणूस. घरगुती रंगातल्या शिशावर दहा लाखांत ९० भाग अशी सक्तीची मर्यादा आपल्याकडे २०१७पासून आली. त्याआधीचे थर खरवडतो तोच, त्यांत किती शिसे आहे हे त्याला कोणी सांगत नाही. सचोटीचा जाब आधी याला विचारायचा आणि ज्याचे लाखो रुपये त्या भिंतीवर अडकलेत त्याला नंतर, हा क्रम मला पटत नाही.

तरी तो पुरता सुटतो असेही म्हणवत नाही. नवशिक्याने मारलेला पॅच कोणीही ओळखतो. फसवणूक पक्की होते ती चांगल्या हातामुळे. तिरका बल्ब धरून शोधण्याची जी नजर त्याने कमावली, तीच इथे लपवायला वापरली जाते, आणि हे त्याच्याइतके नीट दुसऱ्या कोणाला कळत नाही.

यावर रंगाऱ्याला एक वाट आहे. दर लिहून देतानाच त्याच कागदावर लिहायचे, 'ओल आहे. दुरुस्तीशिवाय रंगाची हमी नाही.' याने तो पुढच्या तक्रारीतून मोकळा होतो, आणि मालकाला निदान लेखी ऐकावे लागते. पण ज्याला ही ओळ हवी, तो घर घेणारा त्या वेळी चित्रातच नसतो. कागद मालकाच्या कपाटात जातो. व्यवहाराच्या दिवशी तो बाहेर काढायचा की नाही, हे मालकानेच ठरवायचे.