एक गडी कमी पडतोय

गेल्या महिन्यात ऑफिसात नव्यानं लागलेल्या मुलांसाठी कार्यक्रम होता. आम्ही प्रत्येकानं आपल्या आयुष्यातला टर्निंग पॉईंट सांगायचा होता. मी म्हणालो, ‘आठवीत असताना बाबा गेले आणि मी कबड्डी खेळायला लागलो. या दोन गोष्टींनी मला घडवलं.’ टाळ्या पडल्या. व्हिडिओ मी कौतुकानं घरच्या ग्रुपवर टाकला. रात्री धाकट्या बहिणीचा मला एकट्याला मेसेज आला: ‘दादा, बाबा माझेही गेले होते. मग मला कशानं घडवलं?’

तेव्हापासून मी याच प्रश्नावर अडकलोय. दुःख माणसाला खरंच घडवतं का? की घडून गेल्यावर आपण त्याचं श्रेय दुःखाला देऊन टाकतो?

आमचं घर भाट्याला. रत्नागिरीकडून येताना खाडीवरचा पूल ओलांडला की उजवीकडे सुरूचं बन आणि त्यापलीकडे लांबलचक पुळण. बाबांना झोपेतच अटॅक आला. भेटायला येणारा प्रत्येक जण डोक्यावर हात ठेवून म्हणायचा, ‘आता तूच घरातला पुरुष.’ मी तेरा वर्षांचा होतो. त्या दिवसांपासून मी रडणं बंद केलं आणि लोक त्याला समजूतदारपणा म्हणू लागले.

तेरावं झालं आणि दोन दिवसांनी वाडीतला एक मोठा मुलगा अंगणात आला. आम्ही सगळे त्याला भाऊ म्हणायचो. म्हणाला, ‘येतोस काय रे? एक गडी कमी पडतोय.’ बस्स, एवढंच. सांत्वन नाही, उपदेश नाही.

आमच्या खेळाची वेळ ओहोटीवर ठरायची. पाणी मागे गेलं की ओली वाळू घट्ट होते, तिच्यावर पायानं रेषा ओढल्या की झालं मैदान. पहिल्याच चढाईत मला पकडलं. तोंडात वाळू घेऊन बाहेर बसलो. थोड्या वेळानं आमच्या गड्यानं समोरचा एक बाद केला आणि भाऊ ओरडला, ‘ऊठ, जिवंत झालास तू!’

जुन्या हुतुतूचे तीन प्रकार सांगतात. ‘अमर’मध्ये बाद झालेला गडी बाहेर जातच नाही, फक्त गुण मोजले जातात. ‘गामिनी’त तो संपूर्ण संघ बाद होईपर्यंत बाहेरच राहतो. ‘संजीवनी’त आपल्या संघानं समोरचा एक बाद केला की आपला एक गडी परत आत येतो. आजची कबड्डी खेळतात ती याच संजीवनीच्या नियमानं.

आईबाप ‘अमर’ खेळतायत असं प्रत्येक लहान मुलाला वाटत असतं. ते तसं नाही, हे मला तेराव्या वर्षी कळलं. पण मला जास्त महत्त्वाची वाटते ती संजीवनीतली एक गोष्ट: बाहेर बसलेला गडी स्वतःच्या हिमतीनं जिवंत होऊ शकत नाही. कितीही जिद्द असू दे, आत कुणीतरी दुसऱ्यानं चढाई करावी लागते.

आपल्याला आवडणाऱ्या गोष्टी मात्र वेगळ्या असतात. डिसेंबर २००६ मध्ये वडील गेले त्याच दिवशी अठरा वर्षांचा विराट कोहली दिल्लीसाठी रणजी खेळायला उतरला आणि त्यानं ९० धावा केल्या. १९९९ च्या विश्वचषकात रमेश तेंडुलकर गेले. सचिन मुंबईला येऊन परत गेला आणि ब्रिस्टलला केनियाविरुद्ध त्यानं नाबाद १४० केल्या. या गोष्टी खऱ्या आहेत. पण समजा कोहली शून्यावर बाद झाला असता, तर त्याचं दुःख कमी प्रतीचं ठरलं असतं? माझ्या कामात एक साधा नियम आहे: फक्त चालू असलेल्या सर्व्हरचे लॉग वाचले तर सगळं ठीकच दिसतं. बंद पडलेले काही लिहीत नाहीत.

मला जास्त पटते ती दत्तू भोकनळची गोष्ट. हा चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा, म्हणजे पाण्यासाठी तरसणाऱ्या भागातला. वडील विहिरी खोदायचे, तोही त्यांच्याबरोबर खोदायचा. वडील गेल्यावर २०१२ मध्ये तो सैन्यात गेला. तिथं त्याची उंची पाहून कुणीतरी त्याला रोइंगच्या नौकेत बसवलं. रिओ ऑलिम्पिकमध्ये तो एकेरीत तेरावा आला, तेव्हा आई घरी गंभीर आजारी होती. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत तब्येत बिघडलेली असताना तो एकेरीच्या अंतिम फेरीत शेवटचा आला. दुसऱ्याच दिवशी चौघांच्या नौकेत त्यानं सुवर्ण जिंकलं.

कष्ट त्याचेच, त्यात वाद नाही. पण वडिलांच्या मरणानं त्याला वल्हं मारायला शिकवलं नाही. ते नौकेनं, प्रशिक्षकानं आणि बरोबरच्या तिघांनी शिकवलं.

आता बहिणीच्या प्रश्नाकडे येतो. ती तेव्हा पाचवीत होती. घर तेच, रात्र तीच, बाप तोच. मी संध्याकाळी पुळणीवर असायचो तेव्हा ती आईबरोबर भाकऱ्या थापायची. दिवेलागणीला मुलीनं घरात असावं हा नियम आमच्याकडे कुणी बोलून दाखवत नसे, पण पाळला जायचा. तिच्यासाठी अंगणात कुणी आलं नाही. तीही रडायची थांबली होती, फक्त तिचं कौतुक कुणी केलं नाही. आणि खरं सांगायचं तर तिचं थांबणं माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

मी तिला फोन केला. ती म्हणाली, ‘तुझ्यावर राग नाही रे. पण बाबा गेले म्हणून तू घडलास असं सांगतोस ना, तेव्हा वाटतं की ते जाणंच बरं झालं.’

या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिचं बरोबर होतं. बाबांच्या जाण्यानं मला काहीही दिलं नाही, फक्त नेलं. जे मिळालं ते माणसांनी दिलं: हरल्यावर बाहेर बसायला जागा, परत आत यायची हाक आणि रडलो तरी वाळूमुळे डोळे लाल झालेत असं समजणारे सहा जण. खेळानं स्वभाव घडतो तो असा. एकट्याची छाती फुगवून नाही, तर माझ्यावाचून कुणाचं तरी अडतंय हे रोज कळल्यानं.

म्हणून आई किंवा बाप गेलेलं मूल दिसलं तर त्याला खंबीर राहा म्हणू नका. ते आधीच राहतंय. त्याला काहीतरी खेळायला बोलवा, आणि घरात बहीण असेल तर तिलाही.

बहिणीला मी शेवटी विचारलं, ‘तेव्हा कुणी बोलावलं असतं तर आली असतीस?’

‘तू बोलवायचंस ना, दादा,’ ती म्हणाली.