खासगी नकार आणि सेन्सॉरशिप

एखाद्या तंत्रज्ञान कंपनीने राजकीय आशयामुळे एखादे ॲप किंवा कलावंताचे पान आपल्या मंचावरून काढून टाकले, तर ती सेन्सॉरशिप ठरते काय, या प्रश्नाचे एक उत्तर कायद्याच्या पुस्तकातून येते. राज्यघटनेच्या अनुच्छेद १९(१)(क) मधले अभिव्यक्तिस्वातंत्र्य हे राज्यसंस्थेपासूनचे संरक्षण आहे, कंपनी म्हणजे राज्यसंस्था नव्हे, म्हणून तिने काय ठेवावे आणि काय काढावे हा तिचा व्यवहार. दुसरे उत्तर ज्याचा आवाज बंद झाला त्याच्याकडून येते. तोंड दाबले गेले आहे, मग दाबणारा हात सरकारी की खासगी, याने काय फरक पडतो? पहिल्या उत्तरात मालकीचा विचार आहे, दुसऱ्यात परिणामाचा. प्रश्नाचा गाभा मात्र तिसऱ्याच ठिकाणी आहे: ज्याला नकार मिळाला त्याच्यासाठी दुसरे दार उघडे होते का, आणि नकार देणाऱ्याच्या मागे कोण उभे होते?

सरकारी सेन्सॉरशिप ओळखायला सोपी असते. १८७६ च्या नाट्यप्रयोग कायद्याने सरकारला प्रयोग बंद पाडण्याचा अधिकार दिला आणि कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'कीचकवध' या नाटकावर १९१० मध्ये बंदी आली. आदेश कोणी दिला, कोणत्या कायद्याने दिला आणि कशासाठी दिला, हे सगळे कागदावर होते. अन्याय होता, पण त्याला पत्ता होता.

खासगी नकाराचे तसे नसते, आणि प्रत्येक खासगी नकार सेन्सॉरशिप नसतो, हे आधी मान्य करावे लागते. गोपाळ गणेश आगरकर १८८१ पासून 'केसरी'चे संपादक होते. सामाजिक सुधारणेविषयीची त्यांची मते सहकाऱ्यांना पटेनाशी झाली, १८८७ मध्ये त्यांनी संपादकपद सोडले आणि १८८८ मध्ये 'सुधारक' काढला. 'केसरी'ने आगरकरांची मुस्कटदाबी केली असे कोणी म्हणत नाही. पत्राला धोरण असते, आणि धोरण न पटणाऱ्याला आपले पत्र काढता येते. पुढे १९२० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'मूकनायक' सुरू केला, तेव्हा पैसे मोजण्याची तयारी असूनही 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नाही. हा नकार आगरकरांच्या अनुभवापेक्षा कठोर होता, कारण ज्यांचा आवाज कुठेच उमटत नव्हता त्यांच्या पत्राची नुसती वार्ताही वाचकांपर्यंत जाऊ दिली गेली नाही. तरीही छापखाना दुसरा होता, शाहू महाराजांची मदत होती आणि 'मूकनायक' निघाला. १९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने आंबेडकरांना अध्यक्षीय भाषणासाठी बोलावले. भाषणाचा मजकूर वाचल्यावर मंडळाने काही भाग वगळण्याची मागणी केली. आंबेडकरांनी ती नाकारली, परिषदच रद्द झाली आणि त्यांनी ते भाषण स्वतः छापून प्रसिद्ध केले. मंडळाचे वागणे भ्याडपणाचे होते. पण ते भाषण भारतभर वाचले गेले, कारण छपाईचे दार मंडळाच्या ताब्यात नव्हते.

या तिन्ही प्रसंगांत नकार देणारा एका घराचा मालक होता, सगळ्या वाटेचा नव्हता. हा भेद नजरेतून सुटला की चर्चा भरकटते.

वाटेच्या मालकीचा प्रश्न मराठी मुलखात सर्वांत स्वच्छपणे महाडला उभा राहिला. १९२३ च्या बोले ठरावाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचे धोरण मुंबई विधिमंडळाने स्वीकारले आणि महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर सरकारचा अडथळा उरला नव्हता. तरीही २० मार्च १९२७ रोजी आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तळ्याचे पाणी घेतले, तेव्हा मारहाण झाली ती सरकारकडून नव्हे, समाजाकडून. त्यानंतर सनातन्यांनी न्यायालयात दावा लावला तो लक्षात ठेवण्याजोगा आहे: तळे खासगी आहे, निदान त्याच्या वापराचा हक्क फक्त स्पृश्यांचा आहे. हा वाद दहा वर्षे चालला आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आंबेडकरांच्या बाजूने निकाल दिला. ज्या पाण्यावर गाव जगते ते पाणी 'आमचे खासगी' असे म्हणून अडवता येत नाही, ही जाण पुढे घटनेच्याच मजकुरात उतरली. अनुच्छेद १५(२) दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव यांबाबत व्यक्तींनाही बांधतो, आणि अनुच्छेद १७ अस्पृश्यता पाळणाऱ्या कोणालाही. महाराष्ट्राने याच दिशेने आणखी एक पाऊल टाकले. सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा २०१६ मध्ये विधिमंडळात संमत झाला आणि २०१७ पासून अमलात आला. जातपंचायत ही राज्यसंस्था नव्हे, तरी तिचा वाळीत टाकण्याचा हुकूम माणसाला नागरिकत्वाबाहेर ढकलू शकतो, हे या कायद्याने मान्य केले.

महाडची तुलना एका मर्यादेपर्यंतच नेता येते. अस्पृश्यतेत माणूस जन्मामुळे अडवला जातो, ॲपच्या बाबतीत मजकूर अडवला जातो, आणि मजकुराला नकार देण्याची कारणे कधी कधी खरोखर योग्य असतात. पण 'जागा खासगी आहे' या एका वाक्याने वाद संपत नाही, एवढे महाडने कायमचे दाखवून दिले. राज्यसंस्थेपलीकडेही दडपशाही असते, हे आगरकरांनी आणि त्यांनी आदराने वाचलेल्या जॉन स्टुअर्ट मिलने सांगितले होते. आंबेडकरांच्या लेखी तर समाजाची जुलूमशाही सरकारच्या जुलमापेक्षा भारी होती. ३ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने कौशल किशोर प्रकरणात चार विरुद्ध एक मताने ठरवले की अनुच्छेद १९ आणि २१ मधले हक्क राज्यसंस्थेखेरीज इतरांविरुद्धही मागता येतात. कंपन्यांच्या बाबतीत हे तत्त्व कसे लागू होईल हे अजून प्रत्यक्षात उलगडायचे आहे. मात्र केवळ मालकीवर टेकलेले पहिले उत्तर आता भारतीय कायद्यातही पूर्वीइतके भक्कम राहिलेले नाही.

आता वर्तमानातला प्रसंग. मार्च २०२५ मध्ये विनोदकार कुणाल कामरा यांनी मुंबईतल्या खारच्या हॅबिटॅट स्टुडिओतील कार्यक्रमाची चित्रफीत प्रसिद्ध केली. त्यात उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्यावर विडंबनगीत होते. शिंदे यांच्या पक्षाच्या कार्यकर्त्यांनी स्टुडिओची मोडतोड केली आणि दुसऱ्याच दिवशी महापालिकेचे पथक त्या जागेतले बांधकाम पाडायला पोहोचले. एप्रिलमध्ये त्याच पक्षाच्या एका पदाधिकाऱ्याच्या विनंतीनंतर 'बुकमायशो' या मुंबईच्या तिकीटविक्री कंपनीच्या मंचावरून कामरा यांचे नाव आणि मजकूर काढला गेला. कामरा यांनी जाहीर पत्र लिहून आपल्या प्रेक्षकांची संपर्कयादी मागितली. आपण तटस्थ मंच आहोत आणि कार्यक्रम ठेवायचे की काढायचे हे आयोजक व सभागृहे ठरवतात, अशी कंपनीची भूमिका होती.

या प्रसंगात सरकारचा लेखी आदेश नाही. मग ही सेन्सॉरशिप आहे का? आहे. कलावंताने कंपनीचा कोणता नियम मोडला हे सांगितले गेले नाही, काढण्यामागचे कारण राजकीय होते, आणि विनंतीच्या आधी मोडतोड होऊन गेली होती. ज्या विनंतीला नाही म्हटले तर काय होते ते सगळ्यांनी नुकतेच पाहिले आहे, ती विनंती राहत नाही. कंपनीच्या भीतीला माणुसकीने समजून घेता येते. भीतीपोटी केलेले काम स्वेच्छेचे ठरत नाही, आणि ज्याची स्वेच्छाच नाही त्याचा नकार खरे तर भीती घालणाऱ्याचा असतो.

रशियात हेच मोठ्या प्रमाणावर घडले. सप्टेंबर २०२१ मध्ये तिथल्या संसदीय निवडणुकीच्या पहिल्याच दिवशी ॲपल आणि गूगल यांनी विरोधी नेते अलेक्सी नवाल्नी यांच्या सहकाऱ्यांचे मतदानविषयक ॲप दुकानातून काढले. त्याआधी कंपन्यांच्या तिथल्या कर्मचाऱ्यांवर खटले भरण्याची धमकी दिली गेली होती. 'कीचकवध'च्या बंदीखाली निदान सरकारची सही होती. इथे ते काम कंपनीच्या एका बटणाने झाले.

भारतातली कायदेशीर चौकट अशा बटणाला पोषकच आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली केंद्र सरकार मजकूर व ॲप रोखू शकते. २९ जून २०२० रोजी टिकटॉकसह ५९ चिनी ॲप याच कलमाने बंद झाले. २००९ च्या नियमांतला सोळावा नियम तक्रारी आणि कार्यवाही गोपनीय ठेवायला सांगतो. म्हणजे मजकूर गेल्याचे दिसते, कारण दिसत नाही, आणि तो कंपनीने काढला की सरकारने काढायला लावला हे सामान्य वाचकाला कळायची सोय नसते. कलम ७९ कंपन्यांना दुसऱ्यांच्या मजकुराच्या जबाबदारीतून संरक्षण देते, पण अटींवर. हे संरक्षण जाण्याची नुसती शक्यता पुरेशी असते. एका विनोदी चित्रफितीसाठी कोणती कंपनी खटला लढेल? ती चित्रफीत काढून मोकळी होईल.

मुंबई उच्च न्यायालयासमोर नेमका हाच मुद्दा आला. माहिती तंत्रज्ञान नियमांच्या २०२३ च्या दुरुस्तीने केंद्र सरकारच्या कारभाराविषयीची माहिती खोटी की खरी हे ठरवण्यासाठी सरकारच्याच सत्यशोधन पथकाची तरतूद केली होती. तिला कामरा आणि इतरांनी आव्हान दिले. ३१ जानेवारी २०२४ रोजी न्या. गौतम पटेल आणि न्या. नीला गोखले यांची मते विभागली. मग प्रकरण न्या. अतुल चांदूरकर यांच्याकडे गेले. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांनी दुरुस्ती घटनाबाह्य असल्याचे मत दिले आणि ती रद्द झाली. तिचा धाक मंचांमार्फत बोलणाऱ्यावर बसणार होता, हे या निकालाने ओळखले.

दुसरी बाजूही गंभीर आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच निरपराध माणसांना ठेचून मारले. अशा अफवा व्हॉट्सॲपवरून फिरत होत्या. त्याच महिन्यात कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा जाहीर केली. या मर्यादेला कोणी गळचेपी म्हटले तर ते चूक ठरेल. ती कोणाच्या मतावर नव्हती, सर्वांना सारखी होती आणि जाहीरपणे लागू झाली. हिंसेला थेट चिथावणी देणारा मजकूर काढणे हेही कंपनीचे कर्तव्यच आहे. जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकी संसदेवरील हल्ल्यानंतर 'पार्लर' हे ॲप ॲपल आणि गूगल या दोन्हींच्या दुकानांतून गेले, तेव्हा हिंसक मजकुरावर नियंत्रण नसल्याचे कारण कंपन्यांनी उघडपणे दिले आणि नियंत्रण सुधारल्यावर ते ॲप ॲपलच्या दुकानात परतही आले. त्या निर्णयावर वाद घालता येतो, कारण कारण समोर आहे. वाद घालण्याची ही सोयच योग्य नियमन आणि सेन्सॉरशिप यांना वेगळे करते.

उरतो दुसऱ्या दाराचा प्रश्न, आणि त्याचे उत्तर ठिकाणानुसार बदलते. मुंबईत एका मंचाने नाकारलेल्या कलावंताला दुसरे सभागृह शोधता येते. वाशीम जिल्ह्यात मानोऱ्याच्या किंवा रिसोडच्या श्रोत्यापर्यंत तो कलावंत पोहोचतो तो फोनवरूनच, आणि त्या फोनवर बहुधा अँड्रॉइड असते. अँड्रॉइडवर दुकानाबाहेरून ॲप बसवता येते खरे, पण धोक्याचे इशारे ओलांडून ते करणारे थोडेच. गूगलच्या या स्थानाची दखल स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये घेतली: अँड्रॉइड प्रकरणात १,३३७.७६ कोटी आणि प्ले स्टोअरच्या धोरणांबद्दल ९३६.४४ कोटी रुपयांचा दंड केला. मार्च २०२४ मध्ये शुल्काच्या वादातून गूगलने काही नामांकित भारतीय ॲप काढली आणि केंद्र सरकारने लक्ष घातल्यावर ती परत आली. तिथे राजकारण नव्हते, पण दाराची किल्ली कोणाकडे आहे ते उघड झाले. मोठ्या कंपन्यांसाठी मंत्र्यांनी शब्द टाकला. कारंज्यातल्या एखाद्या छोट्या वृत्तवाहिनीचे पान उद्या गेले तर तिच्यासाठी शब्द टाकणारे कोणी नसेल. तिला नागपूर खंडपीठाकडे जावे लागेल, आणि तिथेही आदेश कोणाचा होता हे आधी शोधावे लागेल.

म्हणून जितका मंच मोठा आणि पर्याय थोडे, तितकी नकाराची जबाबदारी जड असली पाहिजे. ज्याचे काढले त्याला कारण लेखी मिळावे, नियम आधीपासून जाहीर असावा, काढण्याची मागणी सरकारकडून किंवा पक्षाकडून आली असेल तर ती उघड व्हावी आणि अपील त्रयस्थाकडे जावे. मंचांच्या निर्णयांविरुद्धच्या सध्याच्या अपिलीय समित्या केंद्र सरकारच नेमते. मजकूर सरकारवर टीका करणारा असेल, तर अशी समिती त्रयस्थ ठरत नाही.