गाडीवाट

माझी उभी नोकरी जमीन मोजण्यात गेली. त्यामुळे निवृत्तीनंतरही कुणाचा बांध सरकला की माणसे उतारा घेऊन आमच्या ओसरीवर येतात. या खेपेस पुतण्याच आला. हातात खानापूर तालुक्याचा, उपग्रहावरून काढलेला नकाशा. चार मित्र, दोन जीपगाड्या, आणि डांबरी रस्ता सोडून शेतातून, रानातून घाटमाथा गाठायचा बेत. म्हणाला, "काका, ह्या वाटेनं गाडी न्यायला कायद्यानं मुभा आहे काय, तेवढं सांगा."

पोराने विचारले, हेच मला आवडले. उपग्रहाला वाट दिसते. ती कुणाची, हे दिसत नाही. गावनकाशावर तुटक रेषा एकेरी असेल तर पायवाट, दुहेरी असेल तर गाडीवाट. मोजणीची साखळी ३३ फुटांची. तिचा चौथा हिस्सा, म्हणजे सव्वाआठ फूट पायवाटेला, आणि निम्मा, साडेसोळा फूट, गाडीवाटेला निदान हवाच. रेषा नसेल तर वहिवाट बघायची. १८८२ च्या सुखाधिकार कायद्याप्रमाणे आपल्या शेताकडे दुसऱ्याच्या जमिनीतून २० वर्षे, सरकारी जमीन असेल तर ३० वर्षे, उघडपणे, अखंड आणि हक्क म्हणून ये-जा केली, तर हक्क पक्का होतो. मालकाला विचारून, त्याच्या परवानगीने ५० वर्षे चाललात तरी होत नाही. या ठिकाणी मी दरवेळी अडतो. विचारून चालणाऱ्याला वाट मिळत नाही, न विचारता चालणाऱ्याला मिळते!

पुतण्याच्या वाटेवर दुहेरी रेषा होती. "खुशाल जा" हे शब्द ओठांवर आले आणि तिथेच थांबले.

तीसेक वर्षांपूर्वी एका स्नेह्याला मी असाच नकाशा पाहून 'खुशाल जा' म्हणालो होतो. तो जीप घेऊन गेला, ऐन पावसाच्या तोंडावर. चाकांनी खोल चाकोऱ्या पाडल्या, पुढच्या पावसात त्यांचा ओहोळ झाला, एका म्हाताऱ्याचा बांध फुटला आणि तरवा वाहून गेला. मी भेटायला गेलो. तो रागावला नाही, याचेच मला आजवर ओझे आहे. म्हणाला, "वाट हाय की ओ साहेब. खरं, गाडी म्हंजे बैलगाडी नव्हं?"

आमच्या मुलखाची पहिली मोजणी झाली ती एकोणिसाव्या शतकात. ती दुहेरी रेषा ओढणाऱ्याने मोटार पाहिलेलीच नव्हती. शब्द तोच राहिला, आतली वस्तू बदलली. मग हक्कही आपोआप बदलतो काय? इंग्लंडात हाच वाद इतका चिघळला, की २००६ साली कायदा करून, नोंद नसलेल्या जुन्या वाटांवरचा मोटारींचा हक्क, काही अपवाद ठेवून, संपवावा लागला. आपल्याकडे तो प्रश्न त्या म्हाताऱ्याने विचारला, आणि मी चहा पिऊन परत आलो.

रेषेचे पुढचे टोक भीमगड अभयारण्यात शिरत होते. तिथे कायदा स्वच्छ आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे तिथले रहिवासी, कामावरचे सरकारी नोकर, सार्वजनिक हमरस्त्याने जाणारे अशा थोड्यांनाच मोकळीक. बाकीच्यांना परवाना हवा. पण आमगाव-गवाळीकडची माणसे पावसाळ्यात आजाऱ्याला खांद्यावर घालून पक्क्या रस्त्यापर्यंत आणतात. त्या चिखलात आपण मौजेसाठी चाक फिरवायचे, परवाना मिळाला तरी?

"आम्ही गेलो नाही म्हणून त्यांचा रस्ता होणार आहे काय?" पुतण्या म्हणाला. नाही होणार. त्याचे खरे आहे, आणि मला उत्तर सुचले नाही.

जंगलातला तुकडा त्याने स्वतःच खोडला. शेतातल्या वाटेबद्दल म्हणाला, "मालकाला विचारतो की!" मी म्हटले, "जीपमधून उतरून विचारलंस तर तो नाही म्हणायचाच नाही. अडचण तीच आहे."

येत्या रविवारी आम्ही दोघे बसने जाणार आहोत. म्हातारा आता नाही. शेत मुलगा करतो. सुगी चालू असेल. वाट पायी चालून बघू, मग त्याच्या खळ्यावर बसून विषय काढू.