निरंक

दर तिमाहीस आमच्या दिल्लीच्या कचेरीतून वरिष्ठांकडे एक विवरणपत्र जाते. त्यात ‘प्राप्त तक्रारी’ असा एक रकाना असतो, आणि गेली नऊ वर्षे मी त्यात बहुधा एकच शब्द लिहीत आलो आहे. इकडे त्याला ‘निल’ म्हणतात, आपल्याकडे ‘निरंक’. परप्रांती नोकरी करणाऱ्या किती वाचकांनी हा शब्द लिहून समाधानाने लेखणी खाली ठेवली असेल!

त्या समाधानाविषयी मला प्रथम शंका आली ती एक परदेशी कायदा वाचताना. स्तनांच्या क्ष-किरण तपासणीचा, म्हणजे मॅमोग्राफीचा, दर्जा राखण्यासाठी अमेरिकेने तो ऑक्टोबर १९९२ मध्ये केला. वैद्यांच्या कामात सरकारने इतके खोलात का शिरावे, असे मलाही वाटले होते. जोडा चावला तर घालणाऱ्याला त्याच दिवशी कळते. तो त्या दुकानाची पायरी पुन्हा चढत नाही. येथे प्रकार निराळा आहे. छायाचित्र पुसट निघाले, त्यातली गाठ दिसली नाही, तर ‘काही नाही’ हे उत्तर घेऊन ती स्त्री आनंदाने घरी जाते. जिचे सर्वात अधिक नुकसान झाले तीच सर्वात अधिक संतुष्ट! पुढे रोग उघड झाला तरी बोल दैवाला लागतो. जुन्या छायाचित्राकडे कोणी बोट दाखवीत नाही. अशा ठिकाणी तक्रारींचा रकाना निरंकच राहणार.

म्हणून त्या कायद्याने तक्रारीची वाटच पाहिली नाही. तेथील रेडिऑलॉजी महाविद्यालयाने १९८७ पासून मान्यतेची योजना चालविली होती, परंतु ती ऐच्छिक. ज्यांना परीक्षेचे भय नाही तेच परीक्षेस बसत. १ ऑक्टोबर १९९४ पासून अन्न व औषध प्रशासनाच्या प्रमाणपत्राविना हे काम करणे बेकायदा ठरले. साधारणपणे दरवर्षी निरीक्षक येऊ लागला. तो यंत्राखाली एक ठोकळा ठेवी. त्यात बारीक तंतू, कणांचे पुंजके आणि लहान गाठी दडविलेल्या असत; ठरल्या मापाप्रमाणे किमान चार तंतू, तीन पुंजके व तीन गाठी छायाचित्रात दिसल्याच पाहिजेत, आणि किरणांची मात्रा तीन मिलिग्रेच्या वर जाता कामा नये. उत्तर आधीच ठाऊक असलेला प्रश्न यंत्राला विचारायचा, ही युक्ती मला फार आवडली.

पाहणाऱ्या डोळ्याला मात्र असा ठोकळा नाही. डॉक्टरने चोवीस महिन्यांत ९६० तपासण्या वाचल्या पाहिजेत असा नियम आहे. पण मोजणे म्हणजे पाहणे नव्हे, हे आम्हा कारकुनांइतके कोणाला ठाऊक असणार? तरी तपासलेल्या स्त्रीला पुढे कर्करोग झाल्याचे केंद्रास कळले, तर जुनी छायाचित्रे पुन्हा काढून पाहणे त्याला भाग आहे. निकाली निघालेली फाईल उघडणे किती जिवावर येते ते आपण जाणतोच.

नियमांनी खर्च वाढतो आणि लहान केंद्रांना ते झेपत नाही, असे म्हणणारे आहेत. ते खोटे नाही. परंतु दूरच्या गावातील स्त्रीला तपासणीऐवजी तपासणीचा आभास देणे ही सोय कशी म्हणावी?

१९९८ मध्ये त्या कायद्यात आणखी एक भर पडली: तपासणीचा निष्कर्ष प्रत्येक स्त्रीला स्वतःला, तिला समजेल अशा भाषेत, लेखी कळविला पाहिजे. १० सप्टेंबर २०२४ पासून तर तिच्या स्तनातील ऊती दाट आहेत की नाहीत हेही सांगावे लागते, कारण दाट ऊतींत रोग लपू शकतो. ‘काही दिसले नाही’ याच्या जोडीला ‘दिसण्यास अडचण होती’ हे सांगण्याची सक्ती! सरकारी पत्रात इतका नम्रपणा मी क्वचित पाहिला आहे.

आमच्या शाखेत कुटुंब-निवृत्तिवेतनाची प्रकरणे येतात. मध्यंतरी एक जुने प्रकरण सहज हाती आले, तेव्हा बेरजेच्या चुकीने एका विधवा बाईंना सहा वर्षे कमी रक्कम जात असल्याचे दिसले. फाईलमध्ये त्यांची दोन पत्रे होती. दोन्ही आभाराची होती.

चूक दुरुस्त झाली, थकबाकी गेली. त्यानंतर निकाली प्रकरणांतून दर तिमाहीस पाच प्रकरणे, कोणाची तक्रार नसताना, पुन्हा तपासावीत अशी टिपणी मी वर पाठविली आहे. ती अद्याप परत आलेली नाही. विवरणपत्र सोमवारी जावयाचे आहे.